पाठमोरी ग्रामसभा

सरपंचपदाला उभी राहिले तेव्हा मी नुकतीच विशी ओलांडलेली होते, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी दाराआड व्हायचे. जागा आदिवासी बाईसाठी राखीव निघाली होती. आमच्या गुड्यात, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वस्तीत, बारावी झालेली बाई मी एकटीच. उभी राहा म्हणून मागे लागले ते माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. तेही मला नाही, गोठ्यातल्या गाईला म्हणाले, "सांग गं तिला, शिक्षण काय चुलीत घालायचं हाय का?"

आमच्यात भासऱ्यानं भावजयीशी बोलायचं नसतं, आणि तिनं तर त्याच्या तोंडासमोर तोंडही उघडायचं नसतं. मी पदर पुढे ओढून गाईलाच सांगितलं, "मला लई भ्या वाटतंय." गाय शेण टाकून मोकळी झाली.

निवडून आले. कारभार मात्र उपसरपंच पाहायचा. तो गावातला मोठा बागायतदार, आणि माझा नवरा त्याचाच ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं आमच्या डोंगरातला मुरूम काढायचा ठराव आणला. त्याच डोंगरात आमचा झरा आहे. उन्हाळाभर सगळा गुडा त्या पाण्यावर जगतो. डोंगर फोडला की झरा संपला. ग्रामसभेत हे मलाच बोलायचं होतं.

आदल्या दिवशी उपसरपंच नवऱ्याला हसत म्हणाला, "बायकोला समजव. ट्रॅक्टर चालवून राहिलास ना अजून?"

सभेत उभी राहिले तर समोर पहिल्याच रांगेत भासरे. त्यांच्या तोंडावर बोलायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मी पदर नाकापर्यंत ओढला.

भासऱ्यांनी खाली पाहिलं. मग सावकाश वळले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. त्यांच्या मागोमाग गुड्यातले सगळे वडीलधारे, नात्यानं माझे सासरे-भासरे लागणारे, एकेक करून वळले.

उपसरपंच खदाखदा हसला. "बघा सरपंचबाई, तुमच्याच माणसांनी पाठ फिरवली. बसा आता खाली."

त्याला काय कळणार! ती माणसं मला बोलायला वाट करून देत होती. मला रडूच फुटलं. रडत रडतच मी झऱ्याचं बोलायला लागले.

"मोठ्यानं!" भासरे भिंतीकडे बघून ओरडले. "ऐकू येत न्हाई!"

मग मीही ओरडले, "मुरूम काढू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा!"

समोर नुसत्या पाठी होत्या. त्या पाठींच्या वर हात उठले, सगळ्या गुड्याचे. कडेला बसलेल्या बायकांचेही.

उपसरपंचाचं हसू गेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तोवर मी बोलताना चुकायला भीत होते. आता भीती नवऱ्याच्या कामाची होती. तरी ग्रामसेवकाला म्हणाले, "लिहा. ठराव नामंजूर."