किड्यावरचा आळ

समुद्राच्या पाण्याची आमची काचेची पेटी एका किड्यानं उजाड केली, असं आमच्या नात्यागोत्यात आजही समजतात. ही समजूत मीच पसरवली. किड्यानं काही केलं नव्हतं, हे एकदा लिहून ठेवायला हवं.

पेटी सुनेची. ती रत्नागिरीकडची. लग्नानंतर वर्ध्याला आली आणि इथल्या एका कॉलेजात शिकवू लागली. समुद्राची आठवण येते म्हणून तिनं बैठकीत ही पेटी मांडली. खारं पाणी, त्यात मासे, पोवळी, शंखातल्या गोगलगायी आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक झिंगा. ती त्याला कोळंबी म्हणायची. सुनेनं पाण्यात हात घातला की ही कोळंबी बोटांवर चढून नखं साफ करत बसायची. तिचा त्या जिवावर फार लोभ होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नागपूरच्या दुकानातून पेटीसाठी नवे दगड आले. हे दगड समुद्रातले असतात, त्यांच्या भोकांत कोण लपून आलं आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं, असं सून म्हणाली. मी नोकरीभर रेल्वेत तिकिटं तपासली. लपून आलेल्यांचं ऐकताच मी माझी खुर्चीच पेटीजवळ नेली.

एका भोकातून केसासारख्या हातांचा तारा निघाला. दुसऱ्यातून काचेसारखं पारदर्शक फूल. सून प्रत्येकाचा फोटो पेटीवाल्यांच्या ग्रुपवर टाकायची आणि जाणकार सांगायचे, हा गरीब आहे, हे डंख मारतं. उत्तर येईपर्यंत मी प्रत्येकाला गुन्हेगारच धरायचो. बायको म्हणायची, यायची नौकरी सुटली, पण नजर नाई सुटली.

एका पहाटे पेटीचे दिवे लागायच्या आधी मी टॉर्च लावून पाहिलं. वीतभर लांब, गुलाबी, दोन्ही कडांना पांढरे केस असलेला गोमीसारखा किडा एका मेलेल्या गोगलगायीच्या शंखात तोंड खुपसून बसला होता. मी घर जागं केलं. सुनेनं त्याला पाहताच ओळखलं. तो मेलेलं खातो, मारत नाही, उलट पेटी स्वच्छ ठेवतो, असं तिनं समजावलं.

"प्रेतापाशी सापडला नं तो? मंग काऊन सोडावं त्याले?" मी म्हणालो.

"प्रेतापाशी तर तुम्हीही सापडलात, बाबा," ती हसत म्हणाली.

पुढे आणखी गोगलगायी मेल्या. पोवळी मिटून गेली. कोळंबी कोपऱ्यात बसून राहू लागली, बोटावर येईना, तेव्हा सुनेचं हसणं बंद झालं. मी रोज तिच्या कानाशी लागलो, की गुन्हेगार समोर आहे आणि तू त्याला पोसते आहेस. शेवटी तिनं बाटलीचा सापळा लावून किडा पकडला. त्याला वेगळ्या भांड्यात ठेवायचं तिच्या मनात होतं. ती भांडं आणायला गेली, तेवढ्यात मी त्याला नळाच्या पाण्यात टाकलं. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात टिकत नाही, हे मला तोवर माहीत झालं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कोळंबी मेली. सून त्या दिवशी जेवली नाही. मासे मात्र ठणठणीत होते. ज्यांना हाडं नाहीत तेच मरतात, हे काम किड्याचं नव्हे, असं म्हणत तिनं पाणी तपासलं. तपासणीच्या औषधाचे थेंब टाकताच रंग बदलला. पाण्यात तांबं होतं. माशांना तेवढं सोसतं, पण कोळंबी-गोगलगायींना ते विष.

तिचा संशय थेट दुकानदारावर गेला. आजारी माशांना तांब्याचं औषध देतात. त्यानं तसल्याच टाकीत दगड ठेवले असणार. तिनं ग्रुपवर तसं लिहिलं आणि त्याची गिऱ्हाइकं तुटू लागली.

मला मात्र तांब्याचं नाव निघालं त्याच क्षणी उमगलं होतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पेटीतलं पाणी भराभर उडतं. रोज सकाळी फिल्टरचं पाणी टाकून ते भरून काढायचं काम माझ्याकडे होतं. एकदा लाईन गेली, फिल्टर बंद पडला, कॅन रिकामी निघाली, तेव्हा मी देवाजवळच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी ओतलं. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी आम्ही सगळे सकाळी पितो, प्रकृतीला चांगलं म्हणून. मशीनच्या मेलेल्या पाण्यापेक्षा हेच बरं, असं मला वाटलं आणि मग मी तेच टाकत राहिलो. चूक कळल्यावर मी हंडा बंद केला, तोंडही बंद ठेवलं. आणि कुणी फोनवर पेटीची चौकशी केली की किड्याची गोष्ट सांगत राहिलो.

एका रविवारी दुकानदार घरी आला. त्यानं त्याच्या टाकीचं पाणी बाटलीत आणलं होतं. "मॅडम, मेरे सामने चेक करो," एवढंच तो म्हणाला. सुनेनं थेंब टाकले. रंग आला नाही. ती गोंधळली. मग घरातलंच काहीतरी झिजत असेल म्हणत पंप उघडून एकेक स्क्रू पाहू लागली. ओल्या हातांनी, खाली मान घालून. मला ते पाहवेना.

"राहू दे, बेटा. मी हंड्यातलं पाणी टाकून राह्यलतो."

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "रोज?"

"रोज."

सुनेनं दुकानदाराची माफी मागितली आणि त्याच्यासमोरच ग्रुपवर लिहिलं, की चूक आमच्या घरातली होती. कुणाची, ते लिहिलं नाही. तो चहा न घेता गेला. मग ती मला म्हणाली, "मला दुकानदारावर लिहिताना तरी थांबवायचं होतंत, बाबा."

दगडांत तांबं मुरतं, ते पुन्हा वापरता येत नाहीत. मासे तिनं ओळखीच्या एकांना दिले आणि दगड गच्चीवर वाळत घालायला काढले. मी दगडांचं टोपलं उचलायला गेलो तर तिनं नको म्हटलं नाही. उन्हात ठेवलेल्या एका दगडाच्या भोकातून काहीतरी बारीक बाहेर आलं, थांबलं, पुन्हा आत गेलं. हा कोण, असं मी विचारलं. तिनं वाकून बराच वेळ पाहिलं. फोटो काढला नाही.

"आता ओळखून काय करायचं," ती म्हणाली आणि दुसरा दगड आणायला खाली गेली.