डोंगर ओला असल्याचा माझा दाखला

उपग्रहाची चित्रं पाहून डोंगरावरचं गवत किती वाळलंय ते सांगायचं आणि वणव्याचा अंदाज द्यायचा, असं माझं काम. हे ऐकलं की लोक आदराने बघतात. म्हणून खरं काय ते लिहून टाकतो.

उपग्रहाला ओलावा थेट कळत नाही. त्याला दिसतो फक्त गवतावरून परतलेला उजेड. त्या उजेडाचा अर्थ लावायला कोणीतरी डोंगर चढून गवत कापावं लागतं, ताजं तोलावं लागतं, वाळवून पुन्हा तोलावं लागतं. हे काम माझ्याकडे आलं, कारण महाळुंगे पडवळ माझं गाव. साहेब म्हणाले, तुम्हाला तिथली वाट माहीत आहे. होतीच. ती आधी चुलत्यांच्या ओट्यावर जाते.

चुलतीने पिठलं-भाकरी वाढली, वर ताक. जेवण झालं तसा डोंगर फारच उंच वाटू लागला. मी खालच्या उसाच्या बांधावरचं हिरवंगार गवत कापून पाच पिशव्या भरल्या आणि वहीत डोंगरावरच्या पाच जागा लिहिल्या. शेकडो किलोमीटरवरून उपग्रह त्या डोंगराकडे इमानाने बघत होता. मी पायथ्याशी असून पाठ फिरवली.

नकाशात डोंगर निळा आला. निळा म्हणजे ओला. साहेबांना तो इतका आवडला की गावाला दाखवायला ते स्वतः आले.

त्याच उतारावर चुलत्यांनी सहा वर्षं कॅनने पाणी वाहून आंबे आणि करंज जगवले होते. होळीच्या आधी ते दरसाल माणसं लावून झाडांभोवतीचं गवत कापून घेत, की वणवा त्या मोकळ्या पट्ट्यावर अडावा. आम्ही पोचलो तेव्हा माणसं विळे घेऊन निघालीच होती. मी मोबाईलवरचा निळा नकाशा पुढे केला.

चुलत्यांनी गवताची काडी तळहातावर चोळली. भुगा झाला.

"ह्ये वलं हाय व्हय?"

"नाना, तो वरून बघतो."

"लईच वरून बघतोय राव!"

साहेब हसले. चुलतेही हसले, आणि त्यांनी माणसं माघारी धाडली. दुसऱ्या दिवशी ती कांदा काढायला गेली, पुन्हा मिळाली नाहीत.

नवं गवत चांगलं यावं म्हणून जुनं पेटवून द्यायची आमच्याकडे खोड आहे. पंधरा दिवसांत पलीकडच्या अंगाला कोणीतरी काडी लावली. संध्याकाळपर्यंत आंब्यांचे खुंट उरले. पुढच्या चित्रात जळालेला डोंगर अगदी बरोबर काळा आला. त्या अचूकपणाबद्दल ऑफिसात पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

ते पचले नाहीत. चुलत्यांकडे जाऊन बांधावरच्या गवताचं सगळं सांगितलं.

"म्हाईत व्हतं की. वट्यावरनं दिसत व्हता तू, बांधावर वाकल्याला."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"पावण्याम्होरं घरच्या पोराला खोटं पाडू व्हय?"

पन्नाशीला आलेल्या पोराची अब्रू राखायला त्यांनी सहा वर्षांची झाडं दिली होती.

साहेबांना मी खरं लिहून कळवलं. उत्तर आलं, नवं गवत आलं की नमुने पुन्हा घ्या. परवा गेलो. चुलतीने सवयीने पाट मांडला. चुलत्यांनी तो पायाने भिंतीकडे सारला आणि माझ्या हातात विळा दिला.

"आदी वर जाऊन ये. मग भाकर."