शेवटच्या सेकंदाचा खर्च

माझा धाकटा भाऊ लालबागला मोटारसायकलींचं गॅरेज चालवतो, आणि त्यातून उरेल ते शर्यतीच्या गाडीत घालतो. उरेल ते, हे आपलं म्हणायला. खरं तर गाडीत घालून झाल्यावर जे उरतं, त्यात तो जेवतो. मी शाळेत गणित शिकवते. मला हे दिसतं, आणि दिसलं की मला गप्प बसवत नाही.

साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची जुनी गाडी त्याने घेतली, तेव्हा मला वाटलं, चला, झाला एकदाचा खर्च. कसलं काय! तो नुसता मुहूर्त होता. आरसे, हेडलाइट, मागची सीट काढून फेकायला पैसे लागत नाहीत. पण मग पिस्टन आले, कॅमशाफ्ट आला, सस्पेन्शन आलं. टायर तर असे की दोन दिवस ट्रॅकवर फिरले की संपले.

"अरे बावळ्या, ह्या टायरांच्या पैशांत माझी स्कूटी नवी होईल," मी ओरडले.

"तुझ्या स्कूटीला वळणावर आडवं व्हायचं नसतं ना, ताई. टेन्शन मत ले."

एकदा मात्र त्याने मला नीट समजावलं. ट्रॅकची एक फेरी मारायला जो वेळ लागतो, त्यातले पहिले काही सेकंद स्वस्तात कमी होतात. वजन उतरवलं, ब्रेक सुधारले की झालं. पुढचा एकेक सेकंद महाग होत जातो, आणि शेवटचा एक सेकंद माणसाला विकून खातो. मला ते एकदम पटलं. वर्गातल्या मुलीचे पन्नासाचे साठ मार्क मी महिन्याभरात करते, पण अठ्ठ्याण्णवचे नव्व्याण्णव करताना तिचा आणि माझा दोघींचा जीव जातो. त्या पिस्टनचे पैसे मी माझ्या एरिअर्समधून दिले. त्या पैशांत त्याला बोलायचा हक्कही विकत घेतला, असं मी धरून चालले.

त्या वर्षी दिवाळीनंतर कोइमतूरला शर्यत होती. तिथल्या एका टीमने त्याला सांगितलं होतं, स्वतः बांधलेल्या इंजिनावर पहिल्या तिघांत ये, आमची इंजिनं तुझ्याकडे बांधायला देतो. त्याचं वय छत्तीस. पुन्हा असं कोणी विचारणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

खंडेनवमीला मी नेहमीसारखी पूजेचं ताट घेऊन गॅरेजवर गेले. आमचे वडील नेपानगरला पेपर मिलमध्ये फिटर होते, त्यांच्यापासून हे चालत आलंय. हत्यारं धुऊन मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि पूजा झाली की त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. इंजिन टेबलावर उघडं पडलं होतं. सगळे भाग धुऊन, हवा मारून तयार होते. वर पांढरं फडकं होतं.

"फडकं राहू दे, ताई," तो म्हणाला.

"पूजेला इंजिनाला तोंड झाकून बसवतोस होय रे?" म्हणत मी ते ओढलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. चांगल्या सढळ हाताने.

तो चिमट्याने एकेक दाणा वेचत बसला. मग कॉम्प्रेसर सुरू करून पुन्हा हवा मारायला गेला, तर मी त्याच्या हातावर चापटी मारली. "आज नाही. आज यंत्राला विश्रांती."

दुसऱ्या दिवसापासून त्याची धावपळ सुरू झाली. इंजिन बांधायचं होतं, गाडी टेम्पोत चढवायची होती. पुन्हा हवा मारायचं राहून गेलं.

शर्यत मी मोबाइलवर पाहिली. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या आणि तो तिसरा होता. मी स्टाफरूममध्ये उभी राहून किंचाळले. आणि तेवढ्यात गाडीतून धूर आला आणि तो कडेला थांबला. इंजिन जाम.

तो परत आल्यावर मी त्याला सोडला नाही. गॅरेजवर, गिऱ्हाइकांसमोर बोलले. घाईत बांधलंस, तेलाकडे पाहिलं नसशील, एवढा पैसा मातीत घातलास. तो मान हलवत राहिला. "हो ताई. माझंच चुकलं." टीमचा फोन आला नाही. मीही पुढे कित्येक महिने टोमणे मारत राहिले. आज लिहिताना लाज वाटते.

यंदाच्या खंडेनवमीला निरांजन लावायला मला काडेपेटी सापडेना. त्याच्या खणात एक होती. उघडली तर काड्या नाहीत. आत जळून निळा पडलेला बेअरिंगचा तुकडा, आणि शेजारी तेलाने काळा झालेला तांदळाचा एक दाणा.

मी स्टुलावर बसले.

"कुठे सापडला?"

"तेल जायच्या भोकात," तो पान्हे मांडता मांडता म्हणाला. "आधी मागेच कुठेतरी असेल, मग सरकत गेला. बेअरिंगला तेलच मिळालं नाही."

"कधी कळलं तुला?"

"उघडलं तेव्हाच."

"आणि मी सगळ्यांसमोर तुला एवढं बोलले, तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं? सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पूजेला आली असतीस का?"

मला रडू फुटलं. त्याच्यापुढे मी कधी रडत नाही. तो गोंधळला, हात पुसायला काही सापडेना, मग शर्टालाच पुसले. टेबलावर नवं इंजिन होतं. त्याचं एकेक भोक चिंध्या कोंबून बंद केलेलं, वर प्लास्टिक, वर दोरी. मी येणार म्हणून सकाळपासून तो तेच करत बसला होता.

"टाक ना अक्षता," तो म्हणाला. "सगळं झाकलंय."