आक्काच्या ओवलेल्या सुया

इंदूआक्काच्या मुलीचा, वंदनाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो आणि काउंटरपलीकडच्या एका गृहस्थाशी तावातावाने भांडत होतो. "दिनूदादा, आई गेली..." एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" खरंच असं विचारलं मी. माणूस पन्नाशी ओलांडून गेला तरी असा मठ्ठ प्रश्न विचारू शकतो. पण माझंही काय चुकलं? परवा संध्याकाळी तर मी तिला इस्पितळात भेटून आलो होतो. छातीत कफ भरलेला, बोलताना धाप लागत होती, तरी बाईंचं चित्त ठिकाणावर होतं. सिस्टर सलाइन बघायला वाकली, तिच्या बाहीला एक धागा लोंबत होता, तो आक्काच्या बोटांना लागला. लगेच मनगट धरलं. "थांब पोरी. दिन्या, कात्री हाय का रं कुणाकडं?" कात्री नव्हती. मग तिने ती बाही तोंडाजवळ ओढली आणि दाताने धागा तोडला. सिस्टर हसत सुटली, आणि मी निघताना म्हटलं, आता ही बाई आठवड्यात घरी येतेय. ती आलीच नाही.

इंदूआक्का म्हणजे परळच्या आमच्या चाळीतली, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीतली. साताऱ्याकडची. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, आणि पुढे तोही फार दिवस राहिला नाही. मागे आक्का, लहानगी वंदना आणि ती दहा बाय बाराची खोली. आक्काने बटणं लावायचं काम धरलं ते शेवटपर्यंत. कॉटन ग्रीनच्या एका गाळ्यात शर्ट शिवले जायचे, तिथून गठ्ठे यायचे. बटणं टाकायची, लोंबते धागे कापायचे, घड्या घालून परत द्यायचे. पैसे डझनावर. सुई आपली, बल्ब आपला, पाठदुखीही आपलीच. एखाद्या शर्टाला डाग पडला तर तोही आपलाच. रविवार नाही, आजारपण नाही, आणि पावतीच नाही तर पगार कसला! सरकारदरबारी ही बाई 'गृहिणी' होती. जनगणनेवाला एकदा विचारून गेला, "काम करता का?" तर ही मांडीवर शर्ट, तोंडात दोरा, म्हणते, "न्हाई बाबा, घरीच असते." मी कपाळाला हात लावला.

उजेडासाठी ती उंबऱ्यात बसायची. जिना चढणारा-उतरणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जायचा, आणि तिच्या तावडीतून सुटायचा नाही. मी ऑफिसला निघालो की हाक ठरलेली. "आरं दिन्या, उभा ऱ्हा." मग कॉलर, बाह्या, खिसा असं सगळं चाचपून धागे काढायचे, सैल बटणाला दोन टाके मारायचे. अंगावर शर्ट असतानाच! सुई छातीपासून बोटभर अंतरावर आणि बाईंची बडबड चालू. काढलेले धागे ती फेकायची नाही. शर्टाच्या जुन्या बाहीची एक लहानशी उशी करून त्यात कोंबायची. ती उशी दाराच्या चौकटीला खिळ्यावर टांगलेली असायची आणि तिच्यात सुया खोचलेल्या. म्हणजे बघा, अख्ख्या चाळीच्या कपड्यांचे धागे त्या उशीत भरलेले होते.

तिची नजर कधी अधू झाली ते आम्हाला कळलं नाही, कारण तिने ते कळू दिलं नाही. एक दिवस म्हणाली, "दिन्या, एवढी सुई ओवून दे रं, माझं हात ओलं हाईत." दिली. दुसऱ्या दिवशी हात पिठाचे होते. तिसऱ्या दिवशी बोटाला चटका बसलेला. पुढे आमच्या लक्षात आलं की तिचे हात दररोज सकाळी फक्त सुई ओवण्यापुरते कामातून जातात, आणि बटणं लावायला तेच हात झकास असतात. बटण तिला दिसावं लागतच नव्हतं. अंगठा फिरवला की चारही भोकं तिला सापडायची. अडायचं ते फक्त त्या मेल्या सुईच्या नेढ्याशी.

कुणी काही ठरवलं नाही, पण चाळीत रीत पडली. आक्काच्या दारावरून जायचं तर एक सुई ओवून उशीत खोचायची आणि मग पुढे. शाळेत जाणारी पोरं ओवायची, दूधवाला ओवायचा, पोस्टमन ओवायचा. माझ्या लग्नाची बोलणी करायला मुलीकडचे आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या हातातही हिने सुई दिली. ते बिचारे जिना चढून धापा टाकतायत, हातात मिठाईचा बॉक्स, आणि पुढ्यात ही. "एवढी ओवा की पाव्हणं, माझं हात ओलं हाईत." माझी बायको सुनीता अजून म्हणते, "तुमच्या घराण्यात येण्याआधी माझ्या बापाला परीक्षा द्यावी लागली." शेजारचे पेडणेकरकाका मालवणी, जिभेला हाड नाही. ते रोज विचारायचे, "काय गो आक्का, आज हात खंय? पिठात काय पाण्यात?" आक्का म्हणायची, "तुझ्या मुस्काटात." आणि काका हसत हसत सुई ओवून पुढे जायचे. एवढीच चेष्टा. खरं काय ते कुणीच उच्चारायचं नाही.

मोतीबिंदूचं उच्चारलं ते वंदनाने. ती कल्याणला दिलेली. आईला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, लखलखीत दिसेल, मात्र महिनाभर डोळ्याला ताण नको, वाकून काम नको. आक्का घरी आली आणि हटून बसली. न्हाई म्हणजे न्हाई. वंदना रडली, सुनीताने समजावलं, मी तर चांगलाच भडकलो. "अहो आक्का, फुकट होतंय, एका दिवसात घरी याल!" तिने मला जवळ बसवलं. "तुला पगारी रजा हाय दिन्या. मी महिना बसले तर अस्लम माल कुणाला दील? दुसऱ्या बाईला. ती काय मला परत दील? माल म्हंजी पाटाचं पाणी रं, एकदा दुसऱ्याच्या वावरात गेलं की गेलं." मग हळूच म्हणाली, "त्याला कळता कामा न्हाई हां, माझ्या डोळ्याचं. शपथ हाय तुला."

अस्लम म्हणजे गठ्ठे आणणारा. कारखान्याचा मालक नव्हे, मालक आम्ही कुणी कधी पाहिलाच नाही. हा आमच्यासारखाच पोटाला लागलेला, मोडक्या स्कूटरवर पुढे-मागे गठ्ठे बांधून परळ, लालबाग, शिवडीच्या चाळी पालथ्या घालणारा. खालूनच ओरडायचा, "मौसी, माल!" बोलण्यात घाई, चेहऱ्यावर घाई. आक्का त्याला वचकून असायची आणि तो समोर आला की शिव्याही घालायची.

आणि मग तो रविवार आला. वॉचमन लोकांच्या युनिफॉर्मचे नेव्ही ब्ल्यू शर्ट आदल्या दिवशी आले होते, भलामोठा गठ्ठा. पेडणेकरकाकांचं एक लक्ष टीव्हीवरच्या मॅचमध्ये, एक सुईत. त्यांनी आक्काला एकामागून एक सुया ओवून दिल्या, फक्त रीळ घेतलं बॉटल ग्रीनचं. आक्काला काय कळणार? तिने मान खाली घालून सगळा गठ्ठा संपवला. रविवारी सकाळी सुनीता कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली, उन्हात तिने आक्काच्या दारातला घडी घातलेला शर्ट पाहिला, आणि धावत आत आली. "अहो, सगळी बटणं हिरव्या दोऱ्याने लागलीयत!" संध्याकाळी अस्लम येणार. गठ्ठा परत गेला तर पैसे बुडतीलच, पण त्याहून मोठं म्हणजे, अस्लमला कळेल. मग संपलंच.

पेडणेकरकाकांचा चेहरा बघवत नव्हता. "माझ्यामुळे म्हातारीचा काम जाताला रे," असं म्हणत ते गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी सुनीतानेच डोकं चालवलं. "आक्का, माझ्या भाचीला कापड घ्यायचंय, तुमच्याशिवाय मला पोत कळत नाही," असं म्हणून ती आक्काला दादरला घेऊन गेली. त्या दोघी कोपऱ्यावर वळल्या मात्र, आम्ही गठ्ठ्यावर तुटून पडलो. बायका ब्लेडने हिरवे टाके उसवतायत, आम्ही पुरुष निळ्या दोऱ्याने बटणं लावतोय. बँकेतला मी, बेस्टमधून रिटायर झालेले काका, जिममध्ये दंड फुगवणारी पोरं, सगळे गॅलरीत फतकल मारून! एक शर्ट होईस्तोवर माझी कंबर धरली, बोटं भोसकून निघाली. एकाने तर शर्ट स्वतःच्या लुंगीलाच शिवला. ही बाई हे जन्मभर करत होती, आणि वर आमची बटणं फुकटात लावून देत होती.

अशात जिन्यात पावलं वाजली, आणि अस्लम उभा. लवकर आलेला! आम्ही सगळे सुया हातात धरून पुतळे. त्याने ब्लेडं बघितली, हिरव्या दोऱ्यांचा ढीग बघितला, आक्काचा रिकामा उंबरा बघितला. "ये क्या चल रहा है?" पेडणेकरकाका उठून उभे राहिले आणि छाती काढून म्हणाले, "शिबिर आसा! स्वावलंबन शिबिर!" अस्लम क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. "अच्छा है," म्हणाला. "मैं चाय पीके आता है." आणि गेला तो थेट दिवेलागणीलाच आला. तोवर आक्का परतली होती. तिने रुबाबात गठ्ठा त्याच्या पुढ्यात सरकवला. "बघून घे, एक बटान हलायचं न्हाई." त्याने बघितलंसुद्धा नाही. "आपका काम देखनेका क्या, मौसी," म्हणाला आणि स्कूटरवर बांधून घेऊन गेला.

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मी माझ्या खोलीकडे वळणार तर मागून आक्काचा आवाज. "दिन्या." एक शर्ट तिने गठ्ठा देताना काढून मांडीखाली ठेवला होता. त्याच्या बटणांवरून अंगठा फिरवत होती. "तुझं टाचण लई ढिलं रं." बस्स, एवढंच बोलली. तिने ते बटण उसवलं, घट्ट लावलं, धागा दाताने तोडला, आणि डोळे पुसायला पदर घेतला तो बराच वेळ तसाच ठेवला.

त्यानंतर माल यायचा तो मात्र पांढरा. शाळेचे शर्ट, वेटरचे शर्ट, सगळे पांढरे, दोराही पांढरा. आक्काची कुरकुर सुरू झाली. "ह्या अस्लमला पांढऱ्याबिगर रंगच दिसंना. मळतंय किती! मांडीवर धडपं घिऊन बसावं लागतंय." तो आला की त्याच्या तोंडावरही म्हणायची, आणि तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. "क्या करें मौसी, यही आर्डर है." ऑपरेशनचा विषय आम्ही अधूनमधून काढायचो, ती अस्लमचं नाव पुढे करायची. अशी वर्षं गेली. नजर जवळजवळ गेलीच. शेवटी शेवटी ती आम्हाला पावलांवरून ओळखायची.

आक्का गेल्यानंतरच्या जलदानाच्या विधीला बुद्धवंदना झाली, लोक जेवून पांगले, आणि अस्लम आला. घाई नव्हती त्या दिवशी त्याला. तिच्या फोटोसमोर उभा राहिला, मग गॅलरीत माझ्याशेजारी येऊन कठड्याला टेकला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अस्लमभाई, आता पांढऱ्या शर्टांना शिव्या घालणारं कुणी राहिलं नाही." तो हसला नाही. म्हणाला, "वो शिबिर के दिन से पता था मुझे. उसके बाद रंगीन माल मैं बाकी चालीमें देता था, सफेद अलग निकालके मौसी के लिए. सफेद में गलती नहीं होती ना."

मी विचारलं, "आणि तिने महिनाभर सुट्टी मागितली असती तर? ऑपरेशनला?" तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. "तो क्या? मेरी घरवाली कर लेती महिनाभर. माल मौसी का ही रहता. मैंने सोचा था बोलने का... फिर लगा, आँख का बोलूंगा तो बुरा मानेगी. इज्जतवाली औरत थी."

अरे देवा! मला त्या कठड्यावर डोकं आपटावंसं वाटलं. ती त्याच्यापासून लपवत होती काम जाईल म्हणून, तो तिच्यापासून लपवत होता तिचा मान जाईल म्हणून, आणि आम्ही शपथेला जागत होतो. सगळे एकमेकांना जीव लावत होते, आणि त्यापायी एक म्हातारी अंधारात बसून राहिली. रजा नावाची साधी गोष्ट तिच्या नशिबी असती, तर लपवायला उरलंच काय असतं? मी हे त्याला बोललो नाही. त्याचे डोळे आधीच भरले होते.

खोलीला आता कुलूप आहे. वंदनाने सामान नेलं. उशी मात्र चौकटीवरच राहू दिली. म्हणाली, "ती चाळीची आहे, दादा." आक्का इस्पितळात गेली त्या सकाळी लोकांनी ओवलेल्या सुया अजून तिच्यात तशाच आहेत, पांढरा दोरा लोंबणाऱ्या.

गेल्या सोमवारी ऑफिसला निघताना माझ्या शर्टाचं बटण जिन्याच्या तोंडाशीच हातात आलं. शर्ट गडद निळा. घरात परत जाऊन निळं रीळ शोधता आलं असतं. मी उशीतली एक सुई काढली, तिच्या उंबऱ्यात बसलो आणि पांढऱ्या दोऱ्याने बटण लावलं. वाकडं लागलं. दुपारी ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, "सर, दोरा वेगळा दिसतोय." म्हटलं, दिसू दे. टाचण ढिलंच आहे, दोन-चार दिवसांत पुन्हा तुटेल. पण त्या सकाळी एक गोष्ट माझ्या हातून आपसूक झाली. बटण लागल्यावर मी खिशातून चष्मा काढला, सुई उजेडाकडे धरली, पुन्हा ओवली आणि उशीत खोचून मगच जिना उतरलो.