बोटावरची शाई

बाबा मतदान करून आले आणि दुसऱ्याच दिवशी गेले. कळव्याच्या चाळीत त्यांना शेवटची आंघोळ घालताना काका त्यांच्या बोटावरची शाई साबणाने घासायला लागले. आई कडाडली, "घासू नका! कुणाला मत दिलं, ते मलाही कधी सांगितलं नाही त्यांनी. गुप्त ठेवणं हा माझा हक्क आहे, म्हणायचे. ती खूण तरी राहू दे." शाईसकट त्यांना नेलं.

त्यांच्याच मतदान केंद्रावर आता मी जातो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे एका वेळी एकानेच जायचं, असा नियम आहे. तरी बटणावर बोट नेलं की मानेवर बाबांचा श्वास लागतो. दर वेळी. मी चिडून पुटपुटतो, "बाबा, मागे व्हा. तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"