सात सोमवार

आपल्याच सरकारनं माझ्या आईला फसवलं. अफू आपल्या देशात पिकते, वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनसाठी परदेशी जाते, आणि कॅन्सरनं तळमळणाऱ्या आईला आमच्या जवळा बाजार गावात मॉर्फिन मिळत नव्हतं.

इथला औषध दुकानदार बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत प्रत्येक बोलण्याला "बराबर हाय" म्हणतो. मी कापसाचा व्यापारी. त्याच्यावर ओरडलो, "दुप्पट देतो, काढा!"

"बराबर हाय शेठ. पण परवान्याबिगर ठेवलं तर मी जेलात. तिकडं परदेशात डॉक्टरची चिठ्ठी पुरते, आपल्याकडं कचेरीला नशेखोरांचीच भीती."

मग दर सोमवारी दुकान बंद ठेवून तो परवान्यासाठी परभणीच्या कचेरीत जाऊ लागला. साहेब नाही म्हणाले की "बराबर हाय" म्हणायचा, अन् तिथंच पायरीवर भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसायचा. सातव्या सोमवारी परवाना मिळाला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आई पाय पसरून झोपली, उठल्यावर भाजीत मीठ कमी म्हणून माझ्यावर खेकसली.

दुप्पट पैसे त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, "शिरड शहापूरला एक बाई अशीच तळमळून राहिली. आता तिलाबी देता येईल."

त्याचं सगळं बराबर असेल. माझं नाही. सात सोमवार आई काहून ओरडत राहिली, ते त्या साहेबानं तिच्या खाटेपाशी येऊन सांगावं.