मेढ कुणाच्या हातची

विलासचा फोन आला तेव्हा मी आसनगावच्या खोलीवर एका लग्नपत्रिकेची मुद्रितं तपासत बसले होते. “बाबा गेले,” एवढंच तो म्हणाला. मग थोडं थांबून, हेही सांगायलाच हवं अशा आवाजात, “दारात मांडव घालायचा नाय, असं सांगून गेलेत. ऊन लय हाय. डोक्याला काहीतरी घेऊन ये.” किन्हवलीमार्गे मुरबाड गाठून, तिथून धसईची एसटी धरून मी पोचले तेव्हा बारकूकाकांच्या, म्हणजे विलासच्या वडिलांच्या, अंगणात माणसं खरोखरच उन्हात बसली होती. कुणी उपरणं डोक्यावर घेतलं होतं, कुणी छत्री उघडली होती. पडवीत बांबूंच्या चळती, कनातींचे गठ्ठे, खुर्च्यांचे मनोरे... सगळं हाताच्या अंतरावर होतं आणि कुणी हात लावत नव्हतं. दोन तालुक्यांच्या लग्नांना आणि सभांना ज्यानं जन्मभर सावली केली, त्याच्या दारात त्या दिवशी सावली नव्हती. मला ते आधी विचित्र वाटलं. मग आठवलं, मंडपाच्या बाबतीत काका नेहमीच असे हट्टी होते... आणि त्यांच्या त्या हट्टाशी माझं एक भांडण अर्धंच राहिलं होतं.

नात्यानं ते माझे कुणी नव्हते. आमचं गाव आणि त्यांचं गाव यांच्यामध्ये एक ओढा, एवढाच संबंध. पण माझं वाचन त्यांच्या मंडपात सुरू झालं. सभा संपली की खुर्च्यांवर आणि खुर्च्यांखाली पत्रकं पडलेली असायची. गुलाबी, पिवळी, हिरवी. ती मी गोळा करायची. काका बांबू सोडवत असायचे, वर बसूनच विचारायचे, “काय गो, सगळ्या पार्ट्यांचे घेतेस? एकीत तरी ऱ्हा.” मी सांगायची, मागची बाजू कोरी आहे, गणितं करायला होते. घरात वह्या मोजक्या होत्या, त्यामुळे हे खोटं नव्हतं. पण गणितं संपल्यावर मी कागद उलटायची आणि पुढची बाजू वाचायची. एका पत्रकात ज्याला लोकनेता म्हटलंय, त्यालाच दुसऱ्या पत्रकात लुटारू म्हटलेलं असायचं. संताप हा पहिल्यांदा मी तिथे वाचला. छापलेला शब्द माणसाला उठवून बसवू शकतो हे मला शाळेच्या पुस्तकांनी नाही, त्या पातळ कागदांनी शिकवलं.

आणि काकांचा माईक. दुसरे माईकवाले ‘हॅलो, हॅलो’ करतात. काका गावांची नावं घ्यायचे. “कसारा... खर्डी... शहापूर... किन्हवली... मुरबाड... टोकावडे...” आणि शेवटी, जरा मोठ्यानं, “धसई”. अगदी एसटीच्या कंडक्टरसारखं. एकदा कुणीतरी त्यांना विचारलं, असं का करता? तर म्हणाले, “हॅलो कुणाला म्हणू? मी काय फोन लावलाय?” पुढे ज्या जिल्ह्यासाठी आम्ही घसा फोडला, त्याची हद्द मी पहिल्यांदा ऐकली ती अशी, झाडावर बांधलेल्या भोंग्यातून.

काकांचा एकच नियम होता. ज्याचे पैसे, त्याच्या हातची पहिली मेढ. लग्नघरी मांडवाचा पहिला खांब घरचा माणूस रोवतो, त्याला आंब्याचा डहाळा बांधतात, हळदकुंकू वाहतात. त्यात नवल काही नाही. काकांनी मात्र हा नियम सगळीकडे लावला होता. सभा असो, भागवत सप्ताह असो, क्रिकेटचे सामने असोत. स्वतः पहारीनं खड्डा करायचे आणि बाजूला होऊन विचारायचे, “पैसे कुणाचे?” ज्याचे असतील त्यानं पुढे यायचं. एका निवडणुकीत उमेदवारानं आपल्या ड्रायव्हरला पाठवलं होतं. काकांनी टेम्पोतून एकही बांबू खाली उतरवला नाही. टपरीवर चहा पीत बसले. शेवटी कडक इस्त्रीतले साहेब स्वतः आले, मेढ धरली आणि हाताला लागलेला चिखल कुठे पुसावा हे न कळून तसेच उभे राहिले. सगळा बाजार हसला. “मंडपाला मालक पायजे,” काका म्हणायचे. “वारा सुटला की समजतं हाय का नाय ते.”

ठाणे जिल्हा फुटला आणि समुद्राकडचे तालुके वेगळे झाले, तेव्हा आम्ही ठाण्यातच राहिलो. त्यानंतर काही वर्षांनी ‘शहापूर-मुरबाडचा वेगळा जिल्हा’ ही मागणी पेटली, आणि पेटवणाऱ्यांत मी होते. माझ्याकडे कारण होतं. जमिनीच्या एका सुनावणीसाठी माझी आई तीनदा ठाण्याला गेली होती. पहाटे निघायची, मुरबाड, कल्याण, ठाणे. फडक्यात दोन वेळची भाकरी. तिन्ही वेळा तिला सांगितलं, साहेब नाहीत, पुढची तारीख घ्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा भाकरी तशीच परत आणली होती. त्या दिवशी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, ‘आमचं पाणी मुंबईला, आमचे कागद ठाण्याला’. अजूनही त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही.

चळवळीचं पुढे जे होतं तेच झालं. शहापूरकर म्हणाले, रेल्वे आमच्याकडे, हायवे आमच्याकडे, तर कलेक्टर कचेरीही आमच्याकडेच. मुरबाडकर म्हणाले, मग आम्ही ठाण्यालाच गेलेलं काय वाईट? लोक हिरिरीनं भांडले, लग्नाच्या पंगतींमध्येसुद्धा. मग आमच्या समितीच्या अध्यक्षांनी तोडगा काढला, कचेरी दोघांच्या मधल्या माळरानावर बांधा. दोन्हीकडून सारखंच लांब. मला तो न्याय वाटला. त्या माळरानाची स्तुती करणारं पत्रक मीच लिहिलं... तिथे कुणाची जमीन आहे हे विचारावं, असं मला सुचलंही नाही. इतरांना मात्र सुचलं. तालुक्याच्या साप्ताहिकात पत्रांवर पत्रं येऊ लागली. आम्हाला ‘फुटीर’ म्हटलं गेलं, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न, यांना पैसा कोण पुरवतं? मी पेटून उत्तरं द्यायची. शेतकऱ्याच्या घरच्या पायलीभर तांदळावर ही चळवळ उभी आहे, असं मी लिहिलं. तांदूळ येत होता हे खरंच होतं. मी स्वतः घरोघरी जाऊन आणत होते.

शहापूरच्या मोठ्या सभेचा मंडप काकांनी घातला. सकाळी मैदानात खड्डा करून ते बाजूला झाले.

“पैसे कुणाचे?”

“लोकांचे,” मी म्हणाले. अध्यक्षांनी मला तसंच सांगितलं होतं.

“मग लोकांतर्फे कोण धरतंय मेढ?”

बाईमाणसानं मेढ रोवायची का, अशी मागे कुजबूज झाली. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. “धर गो,” म्हणाले. मी ती धरली, माती लोटली, पायानं दाबली. आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

महिन्याभरानं मुरबाडला जाहीर चर्चा ठेवली गेली. आमच्या बाजूनं मी, विरोधात एक निवृत्त वकील. सभागृह भरलेलं, माईक काकांचा. वकिलांनी जिल्ह्याबद्दल फारसं विचारलंच नाही. ते म्हणाले, ताई, एवढंच सांगा, शहापूरचा मंडप कुणाच्या पैशानं उभा राहिला? मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. मी सांगितलं, वर्गणीतून. आणि वर म्हणाले, त्या मंडपाची पहिली मेढ या हातांनी रोवली आहे, मंडपवाले इथेच बसलेत, त्यांचा नियम सगळ्या तालुक्याला माहीत आहे, विचारा त्यांना. टाळ्या पडल्या. सगळ्या माना काकांकडे वळल्या.

ते मशीनजवळ बसले होते. उठले. माईक घेतला नाही. “मेढ पोरीनं रोवली, ते खरं हाय,” ते म्हणाले. “तिला वाटलं पैसे लोकांचे हायेत. पैसे सभा उठल्यावर शेठच्या माणसानं आणून दिले.”

आणि खाली बसले. कुठला शेठ हे कुणाला विचारावं लागलं नाही. माळरानाच्या आजूबाजूच्या जमिनी घेत सुटलेला तो एकच होता. माझा माईक काकांनी बंद केला नव्हता. चालू असल्याचा लाल दिवा दिसत होता. मीच तो खाली ठेवला आणि व्यासपीठावरून उतरले.

पुढे मी जे केलं ते लिहिल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. अध्यक्षांनी सांगितलं, तो म्हातारा फोडलाय त्यांनी. मला तेच ऐकायचं होतं. एकाच बैठकीत मी पत्रक लिहून काढलं, ‘विकाऊ बांबू’. त्यात काकांचं नाव नव्हतं, पण धसईच्या बाजारात ते वाटल्यावर नावाची गरजही नव्हती. ज्यांनी मला फुकट वाचायला दिलं, त्यांच्यावर मी माझं सगळ्यात धारदार पत्रक लिहिलं.

भात झोडून झालं त्या सुमारास माळरानाला तारेचं कुंपण पडलं आणि प्लॉट विकण्याचा भलामोठा फलक लागला. फलकासमोर नारळ कोण फोडतंय हे मी एसटीच्या खिडकीतून पाहिलं. आमचे अध्यक्ष. शेजारी शेठ. मी धसईला उतरले आणि घरी न जाता ओढ्यापलीकडे काकांकडे चालत गेले.

काका पडवीत सुतळीची गुंडाळी करत होते. त्यांनी मला पाहिलं. आत वळून चहा टाकायला सांगितला. मी भिंतीकडे बघत राहिले, तर तिथे खिळ्याला ऑर्डरींचे कागद टोचलेले. त्यात एक पिवळा. खुर्च्या किती, कनाती किती, जनरेटर हवा की नको, काकांच्या वाकड्या अक्षरात. कागद वाऱ्यानं उलटला आणि मला माझाच मथळा दिसला, ‘विकाऊ बांबू’.

काका माझ्या नजरेमागून तिकडे बघत होते. “मागची बाजू कोरी व्हती,” ते म्हणाले.

मला रडू फुटलं. ते फुटू देऊन काका सुतळी गुंडाळतच राहिले. मग म्हणाले, चूक त्यांचीही आहे. पैसे आले त्याच संध्याकाळी त्यांनी मला गाठून सांगायला हवं होतं. पण माणसांची मजुरी द्यायची होती, त्यांनी पैसे घेतले आणि आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. “सगळ्यांम्होरं बोलाया लागलं मंग.” मी म्हणाले, मी समिती सोडली काका, आता त्या जिल्ह्याचं नावही घेणार नाही. वाटलं, शाबासकी देतील. पण त्यांना राग आला. त्यांना रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं.

“पैसा खोटा व्हता. तुझ्या आयशीनं तीन येळा ठाणं पाहिलं, ते खोटं व्हतं का?”

त्यांनी सुतळी बाजूला ठेवली. “तुमच्या पैशानं व्हईल तेवढा मांडव घाला,” ते म्हणाले. “नाय झाला तर उन्हात बसा. उन्हात बसल्यानं कोण मरत नाय.”

मी हो म्हणाले. आणि काही केलं नाही. आसनगावला खोली घेतली, मुद्रितं तपासायचं काम धरलं, लोकांच्या पत्रिका आणि अहवाल निर्दोष करत राहिले. काका अधूनमधून विलासकरवी निरोप पाठवायचे, “तिला सांग, बांबू रिकामे हायेत.” मी हसण्यावारी न्यायची. पुढच्या महिन्यात बघू... मग तो फोन आला. अंगणात, डोक्यावर ओढणी घेऊन बसले तेव्हा मला कळलं की त्यांनी मांडव का नको म्हटला असेल. निदान मला तरी वाटतं की ते मलाच सांगून गेले.

गेल्या आठवड्यात, धसईच्या बाजाराच्या दिवशी, आम्ही अकरा जणांनी एक सभा घेतली. मागणी तीच. समिती नाही, अध्यक्ष नाही. दोन शिक्षक, एक आशाताई, आसनगावहून कामाला जाणारी तीन मुलं, भाजी विकायला आलेले काही शेतकरी, मी आणि माझी आई. जमलेल्या पैशांत मंडप होत नव्हता. एक भोंगा होत होता आणि तो बांधायला एक बांबू. विलासनं वडिलांच्या पहारीनं खड्डा केला. माईक हातात घेतला, जरा थांबला, आणि बापाच्याच चालीत सुरू झाला, “कसारा... खर्डी... शहापूर...” भाजीवाल्या बायांनी माना वर केल्या. धसईपर्यंत येऊन त्यानं माईक ठेवला, बाजूला झाला आणि आमच्याकडे बघून विचारलं, “पैसे कुणाचे?”

आम्ही सगळेच पुढे झालो. एका बांबूवर अकरा जणांचे हात मावेनात. मग पूजेला करतात तसं ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी पुढच्याच्या हाताला हात लावला. आई सगळ्यात मागे होती. तिला कुणाच्याच हातापर्यंत पोचता येईना. तिनं दोघांच्या मधून हात घालून माझं कोपर घट्ट धरलं.

“गाड आता,” ती म्हणाली.